मी नुसती डोकावले होते

मी नानाजींच्या उजव्या डोळ्यामागची चरबी बोलतेय. नाक मुरडू नका. चरबी म्हटलं की माणसाला फक्त पोट आठवतं, आणि पोटावरच्या माझ्या बहिणींनी घराण्याचं नाव इतकं खराब करून ठेवलंय की मला आधीच सांगावं लागतं, मी त्यातली नाही. मी कामाची चरबी आहे.

डोळा म्हणजे हाडाच्या वाटीत ठेवलेली एक नाजूक गोळी. ती तशीच ठेवली तर दिवसभर हाडावर आपटत बसेल. म्हणून त्या वाटीत आधी मला अंथरतात आणि माझ्यावर डोळा बसवतात. डोळा वर बघतो, खाली बघतो, शेजारच्याच्या ताटात बघतो. प्रत्येक वेळी त्याच्या बुडाशी मी असते. नानाजींच्या बारशाला बायका म्हणाल्या, बाळाचे डोळे किती टपोरे! गादी किती छान आहे, असं एकीच्याही तोंडून निघालं नाही. तेव्हापासून मी जरा फुगूनच बसले होते.

नानाजी घाटंजीच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर आहेत. कापसाची गाडी आली की ते तिच्यात कोपरापर्यंत हात घालतात, आतून मूठभर कापूस ओढतात, बोटांनी चिवडतात, धागा ताणून बघतात आणि निकाल देतात. "ओला आहे." "आखूड आहे." "मस्त आहे, घे." बोटांना जे कळलं तेच खरं, यावर त्यांची श्रद्धा आहे. टरबूज ते बोटांनी बघतात, चादर बोटांनी बघतात. जावई पसंत केला तोही हात हातात घेऊन, बराच वेळ दाबून. बिचाऱ्याला वाटलं, सासऱ्यांना माया फार.

घरी कोकिळाबाई आणि मोटर. मोटर अंगणातल्या विहिरीवर आहे आणि तिचे नखरे नव्या नवरीसारखे. आधी तिच्या तोंडात तांब्याभर पाणी ओतायचं, मग चक्री अर्धी फिरवायची, आणि बटण दाबता दाबता पाइपाला टाचेनं एक लाथ घालायची. ही लाथ किती जोरात घालायची हे अख्ख्या घाटंजीत फक्त नानाजींना येतं, असं नानाजी सांगतात. रोज सकाळी ते धोतर खोचून लढाईला निघाल्यासारखे विहिरीवर जातात आणि कोकिळाबाई बादली धरून मागं उभ्या राहतात. "झाली का जी चालू?" एवढंच विचारतात.

नानाजींनी साठी ओलांडली आणि मला धरून ठेवणारा पातळ पडदा जुन्या नाडीसारखा ढिला झाला. वयानं होतं तसं. त्यात नानाजी खाऊनपिऊन सुखी. एकदा ऐन हंगामात ते जिनिंगच्या आवारात डावीकडे तिरकं बघत होते, आणि मी उजव्या बाहेरच्या कोपऱ्यातून, वरच्या पापणीखालून, थोडीशी पुढे सरकले. जन्मात पहिल्यांदा मला उजेड दिसला. समोर पांढराशुभ्र, मऊ, फुगलेला डोंगर! मला भरूनच आलं. मी म्हटलं, अरे, बाहेर तर सगळी आपलीच माणसं आहेत! तो कापसाचा ढीग होता हे मला फार उशिरा कळलं.

मला पहिल्यांदा पाहिलं ते कोकिळाबाईंनी.

"आवो, तुमच्या डोळ्यात हे पिवळं काय दिसून राह्यलं?"

"कुठं?"

"इकडं नका पाहू, तिकडं पाहा. हां. आता दिसते. आता लपलं."

आरसा आला. नानाजींनी पापणी वर ओढली, बोटानं मला दाबलं आणि निकाल दिला, "मऊ आहे. काही नाही होत." मी दबून आत गेले आणि बोट उचलताच परत बाहेर आले. त्यांना गंमत वाटली. त्यांनी परत दाबलं. त्या दिवसापासून माझ्या आयुष्यातली शांतता संपली.

माणसांची एक खोड मला बाहेर आल्यावर कळली. समोर माल दिसला की त्यांना हात लावल्याशिवाय राहवत नाही. जिनिंगमध्ये गाड्यांची रांग लागलेली, वेळ भरपूर, आणि ग्रेडरच्या डोळ्यात काहीतरी पिवळं. नानाजी खुर्चीवर बसत, मान वाकडी करत आणि म्हणत, "पाहा बरं तुम्ही." मग प्रत्येक जण पुढे होऊन पापणीवरून मला चिमटीत धरून बघे. बैलाचे दात बघणारे, सोयाबीन चावून बघणारे, सगळ्यांनी मला बघितलं. एकानं सांगितलं उष्णता आहे. एकानं सांगितलं रांजणवाडी आहे. एक जण मला बराच वेळ चोळून "नंबर एकचा माल आहे" असं म्हणाला आणि आपल्या गाडीचा निकाल चांगला लागावा म्हणून नानाजींकडे बघून हसला.

मग एक ड्रायव्हर आला. त्यानं दाबलं, हात मागे घेतला आणि आवाज उतरवून म्हणाला, "नानाजी, ही गाठ आहे. आमच्या साळ्याले अशीच होती. कॅन्सर निघाला."

आवारातले सगळे एक पाऊल मागे सरले. मग, माणसंच ती, सगळ्यांनी मला पुन्हा एकदा दाबून बघितलं.

खरं सांगते, तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. चरबीची गाठ चांगली असते तशी वाईटही असते, वाईट असली तर डोळ्यामागे मुकाट्यानं वाढत जाते, डोळ्याला पुढे ढकलते आणि जीवावर उठते, हे लोकांच्या बोलण्यातूनच माझ्या कानावर आलं. मला तेव्हा राग आला. मी साधी डोकावले, तर थेट खुनाचा आरोप!

हंगाम संपेपर्यंत इतक्या बोटांनी मला मळलं की मी लालबुंद झाले. एक जागा तर चोळून चोळून टणक झाली. एका सकाळी नानाजींनी आरशासमोर उभं राहून मला दाबलं आणि त्यांच्या बोटाला तो टणकपणा लागला. त्यांनी परत दाबलं. मग बोट खाली घेतलं. बोटांवर ज्याची श्रद्धा, त्याला बोटांनीच असा निकाल दिला. त्या दिवसानंतर त्यांनी मला पुन्हा हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्यांनी कोकिळाबाईंना हाक मारली.

"इकडं ये. मोटर शिकून घे."

"मले कायले?"

"शिकून ठेव. पाणी किती ओताचं, लाथ कुठं माराची, सगळं सांगतो."

"मले नाही शिकाचं."

"अवं, मी नसलो तं?"

कोकिळाबाईंनी बादली खाली ठेवली. "मले नाही येत ते. तुम्हीच करा." एवढं बोलून त्या घरात गेल्या. पण रोज हेच सुरू झालं. ते शिकवायला बघत, त्या बादली आपटून निघून जात. ते गॅसचं सिलिंडर कसं बदलायचं ते सांगत, त्या कानावर पदर घेत. मला तेव्हा माणसांचं फार कळत नव्हतं. तरी इतकं कळलं की दोघंही मोटरीबद्दल बोलत नाहीयेत.

शेवटी कोकिळाबाईंनी नासिरभाईंना बोलावलं. नासिरभाई नानाजींचे शाळेपासूनचे दोस्त, कूलर दुरुस्त करतात. ते आले आणि नानाजींना म्हणाले, "चाल यवतमाळले. डॉक्टरले दाखवू."

"नासिर, मले भेव लागते यार."

"मलेही लागते. म्हणून तं मी संगं येतो."

यवतमाळची डॉक्टरीणबाई डोळ्यांची. त्यांनी गेल्या गेल्या मला बोट लावलं नाही. मी तर त्यांच्यावर तिथंच खूश झाले. आधी त्यांनी प्रश्न विचारले. कधीपासून आहे? भराभर वाढलं का? दुखतं का? एकाचे दोन दिसतात का? नजर कमी झाली का? मग नानाजींना खाली बघा, डावीकडे बघा, असं करत यंत्रातून माझ्याकडे पाहिलं. समोरून, बाजूनं आणि डोक्याच्या मागून वाकूनही बघितलं, डोळा पुढे आलाय का ते. सगळं झाल्यावर हात धुऊन अलगद, बंद पापणीवरून डोळा जरासा दाबला. मी पुढे आले. सोडला, मी मागे गेले.

"पिवळी आहे, मऊ आहे, आतबाहेर करते," बाई म्हणाल्या. "बहुतेक डोळ्यामागची चरबीच ढिली होऊन पुढे आली आहे. या वयात होतं. पण हा एक कोपरा टणक का? आणि इतका लाल कशानं?"

"पाह्यत होते सगळे," नानाजी म्हणाले.

"पाहत होते की दाबत होते?"

नानाजींनी हात मांडीखाली घातला. नासिरभाईंनी छताच्या पंख्याकडे बघितलं. त्यांनीही दाबलं होतं.

स्कॅन झाला. त्यात मी मागच्या चरबीशी जोडलेली दिसले, डोळ्यामागे वेगळी गाठ काही दिसली नाही. नानाजी उठायलाच लागले. बाईंनी त्यांना बसवलं. "बाहेरून चांगलीसारखी दिसणारी चरबी कधी कधी वाईट निघते. फार क्वचित, पण निघते. टणक जागा सोडून द्यायची नाही मला. पुढे आलेला भाग काढू, काचेखाली तपासायला देऊ. बोटांना, मशीनला जे कळत नाही ते तिथं कळतं."

ऑपरेशन झालं. जागा बधिर केली होती, नानाजी मात्र बोलतच होते. "बाई, ओला निघाला तं सांगून देजा." बाईंनी मला बाहेर आलेली तेवढी कापली, मागची होती तिथं ठेवली आणि पडद्याला टाके घातले. म्हणजे मी उरले, पण माझा एक तुकडा गेला. तो औषधाच्या पाण्यात, एका छोट्या बाटलीत बसला. डोळ्यावर पट्टी आली आणि मी पुन्हा अंधारात. यापुढचं मी ऐकून सांगतेय.

बाटली समोरच्याच गल्लीतल्या लॅबमध्ये द्यायची होती. शनिवारची संध्याकाळ, लॅब बंद. बाई म्हणाल्या, राहू द्या माझ्याकडे, सोमवारी मी पोचवते. पण नानाजींना आपल्या डोळ्यातला माल दुसऱ्याच्या गोदामात ठेवणं पटेना. बाटली खिशात घालून ते एसटीनं घाटंजीला घेऊन आले.

मे महिना. घाटंजीत कावळेही तोंड उघडून बसलेले. घरी पोचल्यावर नानाजींना भलतीच काळजी लागली.

"नासिर, या उन्हात लोण्याचं तूप होते. हे तं चरबी आहे. सोमवारपर्यंत पातळ झाली तं डॉक्टर काय तपासतीन?"

"फ्रीजमधी ठेव."

"माह्या फ्रीजमधी नाही ठेवाची!" कोकिळाबाई आतून ओरडल्या. "तिथं दही आहे!"

मग नासिरभाईंनी आयुष्यभराचं ज्ञान पणाला लावलं. त्यांनी बाटलीला सुतळी बांधली आणि ती कूलरच्या टाकीत, गार पाण्यात सोडून दिली. वरून खसची ताटी, पंखा चालू. "आता बर्फासारखी राहीन," ते म्हणाले. रविवारभर माझा तुकडा कूलरमध्ये पोहत होता आणि घरचे सगळे त्याची हवा खात बसले होते. मला बाहेरून त्या पाण्याचा टपटप आवाज येत होता. मी म्हटलं, जन्मभर मी राबले, पहिली सुट्टी तुकड्याला.

सोमवारी तिघंही यवतमाळला आले आणि लॅबच्या खिडकीवर नानाजींनी बाटली ठेवली.

"नाव?" पलीकडून आवाज आला.

"लिहिलं आहे त्याच्यावर."

"काही लिहिलेलं नाही."

बाटलीवरचा कागद कूलरच्या पाण्यात सुटून गेला होता. कागदही गेला, शाईही गेली. उरली होती सुतळी.

"बिननावाचा नमुना आम्ही घेत नाही. हा तुमचाच आहे कशावरून?"

"अरे, माहा आहे! या डोळ्यातला!" नानाजींनी पट्टीकडे बोट केलं. "डोळा पाह्यजे काय आणखी?"

"मी गवाह आहे," नासिरभाई म्हणाले. "कूलरमधी मीच सोडली होती."

खिडकी हसली नाही. बरोबरच होतं तिचं. कुणाचा तरी चांगला तुकडा नानाजींच्या नावावर गेला किंवा नानाजींचा वाईट तुकडा दुसऱ्याच्या नावावर, तर काय झालं असतं? नानाजींचा आवाज उतरला. त्यांना वाटलं, आता कधीच कळणार नाही. कोकिळाबाईंनी मात्र दोघांकडे बघितलंही नाही. त्या सरळ गल्ली ओलांडून डॉक्टरीणबाईंना घेऊन आल्या.

बाईंनी बाटली उजेडात धरली. "आत बघा," त्या खिडकीला म्हणाल्या. "तुकड्याच्या एका टोकाला काळ्या धाग्याचा टाका आहे. तो मी घातलाय. टणक कोपरा तोच, तिथं नीट तपासा म्हणून. या शनिवारी मी दुसरं कुणाचं काही काढलेलं नाही." खिडकीनं बघितलं. होता धागा. बाईंनी नव्या कागदावर नाव लिहिलं, सही केली आणि मग या तिघांकडे वळल्या. "कूलरमध्ये?"

"वितळून जाईन म्हणून जी."

"त्या औषधात चरबी वितळत नाही. आधी तुम्ही वितळाल."

निकालाला वेळ होता. ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. इतके दिवस माझ्यावर आरोप झाला की मी चिडत होते. आता अंधारात एकटी बसले तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की आरोप खरा असला तर? वाईट चरबीला तरी आपण वाईट आहोत हे कुठं माहीत असतं? तिलाही वाटत असेल, मी नुसती डोकावतेय. जो तुकडा गेला तो मीच होते. तो वाईट निघाला तर मीही वाईट, आणि मग मला काढायचं म्हणजे कदाचित डोळ्यासकट काढतील. ज्या डोळ्याला जन्मभर मांडीवर घेतलं त्याचा काळ मीच व्हायचं? मला फार भीती वाटली. माझ्यावर डोळा टेकलेला होता आणि त्याला काहीच माहीत नव्हतं.

वर नानाजींचं सुरूच होतं. "तांब्याभर पाणी, कोकिळे. निदान तेवढं तं ध्यानात ठेव."

"नाही राहत माह्या ध्यानात."

निकालाच्या दिवशी तिघंही यवतमाळला गेले. पट्टी सुटली. बाईंनी आधी चेहरा हसरा केला, मग बोलल्या. मला अशी माणसं आवडतात.

"चांगली आहे. साधी चरबी. टणक कोपऱ्यात नुसती सूज आणि व्रण आहेत, दाबून दाबून झालेले."

त्यांनी मोबाइलवर काचेखालचा फोटो दाखवला. माझाच फोटो! मी कशी दिसते ते जन्मात पहिल्यांदा ऐकलं. गोल गोल, एकाला एक लागून, सारख्या मापाचे रिकामे फुगे. बाई सांगत होत्या, "चांगल्या चरबीच्या पेशी अशा एकसारख्या असतात. वाईट असती तर काही बारक्या, काही भल्यामोठ्या दिसल्या असत्या आणि त्यांच्या आत काळपट, वेडेवाकडे ठिपके. तसं इथं काही सापडलं नाही."

नानाजींनी फोटो डोळ्याजवळ नेला. सवयीनं बोटही लावलं, तर तो मोठा झाला. "म्हंजे धागा एकसारखा आहे," ते म्हणाले आणि त्यांनी फोन नासिरभाईंपुढे धरला. नासिरभाईंनी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. मी आतल्या आत पसरून बसले. सुटले मी.

"तरी अधूनमधून दाखवायला यायचं," बाई म्हणाल्या. "आणि कुणालाही दाबू द्यायचं नाही."

दुसऱ्या सकाळी नानाजी धोतर खोचून विहिरीवर निघाले. टाक्यांमुळे वाकायचं नव्हतं, म्हणून ते म्हणाले, "आज मी सांगतो, तू नुसतं कर."

कोकिळाबाईंनी तांब्या घेतला. मोटरीच्या तोंडात पाणी ओतलं, एक थेंब सांडला नाही. चक्री अर्धी फिरवली. लुगडं जरा वर उचललं, बटण दाबलं आणि पाइपाला टाचेनं अशी नेमकी लाथ घातली की मोटर लगेच धडधडायला लागली.

नानाजी बघतच राहिले. "तुले येते?"

"येते."

"कधीपासून?"

"बसवली तेव्हापासून. तुम्ही बाहेरगावी जाता तवा पाणी काय नासिरभाऊ भरते?"

"मंग इतके दिवस मी शिकवून राह्यलो होतो, तं येत नाही काहून म्हणत होती?"

कोकिळाबाई बादलीत पडणाऱ्या पाण्याकडे बघत राहिल्या. "येते म्हणली असती, तं तुम्ही निश्चिंत होऊन गेले असते."

माझ्यावरचा डोळा एकदम जड झाला आणि भरून आला. मी खालून त्याला सांभाळून धरलं. कोपऱ्यातून एकदा डोकावावं, कोकिळाबाईंचा चेहरा कसा दिसतोय ते बघावं, असं फार मनात आलं. पण पडद्याला टाके आहेत, आणि मी डोकावले की लोक दाबतात.

तुमच्या डोळ्यात कधी माझी एखादी बहीण डोकावली, तर तिला खुनी समजू नका आणि साधी आहे असंही स्वतःच ठरवू नका. तिला स्वतःलाही ते माहीत नसतं. दाबू नका, चोळू नका, बाजारात दाखवू नका, डॉक्टरला दाखवा. बाटलीत घालून दिलीच, तर कूलरमध्ये सोडू नका.

आता मी मागे सरकते. जागा अंधारी आहे पण माझी आहे. माझ्यावर डोळा टेकलाय, आणि तो अजून कोकिळाबाईंकडेच बघतोय.